खोलीत स्वयंपाक करायचा नाही



पत्रिकेवर माझा विषय ‘कमी पैशांत सकस आहार’ असा छापलाय. मी आहारतज्ज्ञ नव्हे. पिंपरीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली अकरा कॅन्टीन कमिटीवर. माणूस ताटात काय टाकतो आणि काय पुसून खातो, एवढं मला कळतं.

गेल्या महिन्यात पुतण्याकडे गेलो होतो. पोरगं लातूरकडचं, महाळुंग्याला कंत्राटी कामाला. खोलीत सहा जण, कॉट बेसिसवर. सकाळी चहात बुडवून बिस्किटं, पाळी सुटली की वडापाव, रात्री मेसचा डबा. डब्यातल्या आमटीत डाळ शोधावी लागते. त्याची आई गावाकडे ज्वारीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि बांधावरची तांदुळजाची भाजी खाते. तिच्या हातात पैसा त्याच्याहून कमी, पण ताट त्याच्याहून भरलेलं. आणि हे पोरगं राहतं कुठं? चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर.

जरा हिशोब करू. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, 2023 पासून तेही फुकट. कार्ड गावचं असलं तरी अंगठा लावून ते इथल्या दुकानात उचलता येतं, हे निम्म्या पोरांना ठाऊकच नाही. पण 5 किलो म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम. त्यातून जेमतेम साडेपाचशे-सहाशे कॅलरी येतात. तेवढ्यावर लोखंड उचलता येत नाही. धान्य कसंबसं जमतं हो, खरी ओढाताण होते ती डाळीची. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास-पंचावन्न ग्रॅम प्रथिनं लागतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस असतात, तेवढ्याच कोरड्या डाळीत बावीसच्या आसपास, एका अंड्यात सहा. एका वडापावच्या पैशांत दोन अंडी येतात. वडापाव वाईट असतो असं मी म्हणत नाही, मीही येताना खाऊनच आलोय. पण रोज संध्याकाळी तोच जेवण झाला, की पोट भरतं आणि अंग मात्र उपाशी राहतं.

हे सगळं पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, “काका, अंडी उकडू कशावर?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोड आलेली मटकी, भिजवलेले हरभरे, गूळ-शेंगदाणे, वर कांदा आणि लिंबू, हे सगळं चुलीवाचून होतं. लिंबानं कडधान्यातलं लोह अंगी लागतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जातं, हेही त्याला सांगितलं. पण बारा तास राबून आलेल्या माणसानं रोज भिजवलेले हरभरे चावावेत, असा उपदेश माझ्या तोंडून निघेना.

सरकारनं प्रयत्न केले नाहीत असं नाही. 1995 ला एक रुपयात झुणका-भाकर आली. 26 जानेवारी 2020 ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. थाळी चांगली, पण ती दुपारची. पहिल्या पाळीचा माणूस तेव्हा मशीनवर असतो. 1948 च्या कारखाने कायद्यानं अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथं कॅन्टीन आणि त्यावर कामगारांचा प्रतिनिधी, अशी सोय केली होती. आमच्या कमिटीनं वर्षभर भांडून आठवड्यातून दोन दिवस उसळ आणली होती. पण चाकणला पंचवीस-तीस माणसांची शेडं किती आहेत, ते मोजा. त्यांना कॅन्टीनची ती सक्ती कधी शिवलीसुद्धा नाही.

मुंबईच्या गिरणगावात हाच प्रश्न बायकांनी सोडवला होता. घरच्या चुलीवर कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्यांना प्रेमा पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. किराणा उधारीवर घेणाऱ्या बाईच्या आमटीत डाळ कमी पडणारच. रोखीनं घेतला की ती वाढते. आपल्याकडच्या मेसवाल्या मावश्यांना असं कुणी हाताशी धरलं, तर डबा आपोआप सुधारेल.

ते होईल तेव्हा होईल. आजचं बोलतो. सहा जणांत एक कुकर, पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळणारा पाच किलोचा छोटा सिलिंडर, खाली तूरडाळ आणि पालेभाजी, वरच्या डब्यात भात. अर्ध्या तासात सहा माणसं जेवतात. पुतण्याच्या खोलीतली पोरं तयार आहेत, वर्गणीही काढली होती. अडलं ते भिंतीवरच्या पाटीपाशी: ‘खोलीत स्वयंपाक करायचा नाही’.

या सभागृहात भोसरी, मोशी, चाकणची बरीच मंडळी बसलीत. शेतं गेली, खोल्या उभ्या राहिल्या. त्यात गैर काही नाही. भिंत काळी होते, सिलिंडरची भीती वाटते, हेही खरंच. मग गच्चीवर पत्र्याखाली एक ओटा बांधा, नळ द्या, महिन्याला चार पैसे जास्त घ्या. आणि ती पाटी तेवढी उतरवा.