लंडनचे चार दिवस आणि अण्णांचं एक काम

आजचा एपिसोड जरा वेगळा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं होतं, "लंडनला जाऊन आलास, सांग की काहीतरी." तर आज सांगतो. खर्च, हॉटेल, फिरणं सगळं. आणि एक घरचं कामही होतं, तेही सांगतो.

मी मूळचा पोखर्णीचा. नृसिंहाची पोखर्णी, परभणी जिल्हा. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. क्लायंट लंडनचा, त्यामुळे तिथल्या घड्याळावर माझी पाच वर्षं गेलीत. यंदा जूनमध्ये सुट्टी टाकली आणि म्हणलं, एकदा बघून तरी येऊ.

निघायच्या आधी गावाकडं गेलो. आईनं चटण्या बांधल्या. अण्णा एवढंच म्हणाले, "बाबासाहेब राहिले ते घर तिथंच हाय ना? तेवढं बघून ये."

मी "हो हो" म्हणालो आणि यादीत सगळ्यात खाली लिहून ठेवलं.

आता कामाच्या गोष्टी. एक, शेंगेन व्हिसा लंडनला चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, रजेचं पत्र आधीच गोळा करून ठेवा.

दोन, हॉटेल. इथं मी फसलो. फोटो बघून स्वस्तातलं बुक केलं. गेलो तर खोली तळघरात, खिडकी नाही, बाथरूम चौघांत एक. सगळं साईटवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. जुन्या घरांची हॉटेलं केलेली असतात, लिफ्ट नसते. जड बॅग असेल तर आधी विचारा. एरिया मात्र बरोबर निवडला होता, किंग्ज क्रॉसजवळ. तिथून मेट्रो आणि बाहेरगावच्या ट्रेन दोन्ही मिळतात.

तीन, तिकिटाच्या रांगेत उभं राहू नका. कार्ड किंवा फोन टॅप करायचा. दिवसाला ठरावीक रकमेच्या वर पैसे कापत नाहीत. पण चढताना जे कार्ड, उतरताना तेच. एकदा कार्ड आणि एकदा फोन केलात की हिशोब बिघडला.

फुकटात काय? ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, दोन्हींना प्रवेश फुकट. ग्रीनिचला शून्य रेखांश आहे. वेधशाळेच्या आत तिकीट लागतं, पण भिंतीच्या बाहेरही ती रेषा दिसते. मी तिच्यावर एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढला. आपली वेळ साडेपाच तास पुढे धरतात ती इथूनच. पण उन्हाळ्यात हे लोक घड्याळ एक तास पुढे करतात, मग फरक साडेचारच राहतो. यावरून मी ऑफिसात किती मिटिंगा चुकवल्यात, ते विचारू नका.

एका दिवसाची सहल हवी असेल तर केंब्रिज. किंग्ज क्रॉसहून फास्ट ट्रेननं साधारण ५० मिनिटं. तिथं सेंट जॉन्स कॉलेज बघा. आपले रँग्लर परांजपे तिथलेच. कोकणातल्या मुर्डी गावचा हा माणूस १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाला, हा मान मिळवणारा पहिला भारतीय.

आता अण्णांचं काम. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या घरापाशी पोचलो, तोपर्यंत बंद झालेलं. चूक माझी, वेळ बघितलीच नव्हती. चौथ्या दिवशी विंडसरचा किल्ला ठरला होता, रात्री फ्लाइट. खरं सांगतो, दहा मिनिटं विचार केला की अण्णांना बाहेरचा फोटो पाठवून द्यावा. नंतर विंडसर रद्द केलं.

पत्ता १०, किंग हेन्रीज रोड. मेट्रोचं स्टेशन चॉक फार्म, तिथून थोडं चालायचं. बाबासाहेब इथं १९२१-२२ मध्ये राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं हे घर विकत घेतलं, आता स्मारक आहे. आत खोल्यांमध्ये फोटो, पुस्तकं. बाहेरून शेजारच्या घरांसारखंच एक घर.

साडेदहाला अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडं तीन वाजलेले. ते शेतातून आले होते. मी खोल्या दाखवत होतो आणि ते सांगत होते, मला! १९१७ मध्ये बडोद्याची स्कॉलरशिप संपली, शिक्षण अर्ध्यावर सोडून परत यावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली आणि १९२० मध्ये परत गेले. १९२१ मध्ये एमएस्सी, १९२३ मध्ये डीएस्सी. ब्रिटिश म्युझियमच्या रीडिंग रूममध्ये दिवसदिवस बसायचे. म्हणजे ज्या म्युझियममध्ये मी ममी बघून बाहेर पडलो होतो, तिथंच.

मग म्हणाले, "भिंतीवरची पाटी दाखव." बाहेर येऊन दाखवली. त्यांनी साल वाचलं आणि म्हणाले, "अर्ध्यावर सोडलेलं परत जाऊन पूर्ण केलं, बघ."

एवढंच. फोन आईकडं दिला.

अण्णा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा आजोबा गेले. शेती बघायला कुणी नव्हतं. ते परभणीहून घरी आले ते आलेच. हे मला माहीत होतं. पण ते घर त्यांना का बघायचंय, हे मी निघताना विचारलं नव्हतं.

तर मंडळी, कुठंही जा, घरच्यांनी सांगितलेलं काम यादीत सगळ्यात वर लिहा. आणि वेळ बघून जा!

जाता जाता एक. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची प्रवेशाची माहिती मी फोनवर काढून ठेवलीय. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी अण्णांना कसं विचारावं, ते कळत नाही. या शनिवारी गावी चाललोय. काय झालं ते पुढच्या एपिसोडला सांगतो. तोवर काळजी घ्या, भेटू!