कातडीतला जागल्या



अहिल्यानगर शहराला लागून, सीना नदीच्या काठी नागापूर आहे. पूर्वी शेतीचे गाव. आता त्याला औद्योगिक वसाहत येऊन भिडली आहे. तिथला पाळीवरून घामाघूम होऊन परतणारा कामगार असो की उन्हात कांदा काढणारी बाई असो, मानेवर आणि पाठीवर फिकट ठिपके उठले, की घरात कुजबुज सुरू होते. ‘कोड तर नसेल? कुष्ठ तर नसेल?’ शाळेतल्या मुलाला ठिपके उठले, तर शेजारचा मुलगा सरकून बसतो. बहुतेक वेळा ती असतात साधी शिबे. आज या शिब्यांच्या निमित्ताने आपल्या कातडीतल्या एका राखणदाराची ओळख करून घेऊ.

पाव कशाने फुगतो, ताडी कशाने आंबते, हे आपल्याला ठाऊक आहे. ते काम यीस्ट नावाच्या सूक्ष्म बुरशीचे. तिचीच एक भावकी आपल्या कातडीवर मुक्कामाला असते. तिचे नाव मॅलासेझिया. कातडीच्या तेलकटपणावर ती जगते. लहानथोर, गरीब-श्रीमंत, सगळ्यांच्या अंगावर ती आहे. घाम आणि तेल वाढले, की ती माजते आणि शिबे उठतात. डोक्यातल्या कोंड्याशीही तिचा संबंध आहे.

मग एवढी बुरशी अंगावर असून आपण रोज आजारी का पडत नाही? कारण राखण आहे! पूर्वी गावात जागल्या असे. रात्री गस्त घालायचा; ओळखीचा माणूस दिसला तर गप्प राहायचा, चोर दिसला तर हाळी द्यायचा. कातडीतही असे जागले आहेत. १८६८ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने कातडीच्या पापुद्र्याला सोन्याच्या क्षाराचा रंग दिला, तेव्हा फांद्या पसरलेल्या पेशी त्याला दिसल्या. त्याला वाटले, या मज्जातंतूंच्या पेशी असाव्यात. त्या खऱ्या राखणदार आहेत, हे कळायला शंभर वर्षांहून अधिक काळ गेला. आज त्यांना लँगरहान्स पेशी म्हणतात.

हे जागले बुरशी ओळखतात कशावरून? तिच्या अंगरख्यावरून! यीस्टच्या पेशीभोवती ग्लुकन नावाच्या साखरेच्या साखळ्यांचे कवच असते. आपल्या शरीरात तसले कवच कुठेच नाही. म्हणून ते दिसले, की परके कोणी आले हे कळते. शास्त्रज्ञांनी यीस्ट फोडून या कवचाचा अर्क काढला. त्या अर्कात जिवंत बुरशी नसते, तरीही शरीराच्या संरक्षक पेशी त्याने खडबडून जाग्या होतात. चोर नाही, नुसता चोराचा सदरा दाखवला, तरी जागल्या ओरडतो, तसेच हे. ग्लुकन पकडणाऱ्या पेशीवरच्या एका ‘हाता’ची ओळख २००१ साली पटली. त्याला डेक्टिन-१ म्हणतात.

जागी झालेली पेशी बुरशीचा तुकडा घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जाते. पायाला जखम झाली, की जांघेत अवधाण येते ना? ती गाठ म्हणजे हीच ग्रंथी. तिथे वर्दी पोचते आणि पांढऱ्या पेशींची कुमक निघते. त्या झटापटीत कातडी लाल होते, खाजते. नायट्याची बुरशी वेगळ्या जातीची, पण तिच्या कवचातही ग्लुकन आहे. नायट्याची लाली आणि खाज ही बरीचशी या लढाईचीच खूण.

आता मुद्द्याची गोष्ट. खाज सुटली, की आपण दुकानातून कुणीतरी सांगितलेले मलम आणतो. लावले, की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. आपण म्हणतो, ‘वा, गुण आला!’ पण अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. ते शरीराच्या संरक्षक पेशींना गप्प करते, म्हणजे जागल्याच्या तोंडात बोळा कोंबते. हाळी थांबली, पण चोर घरातच! नायटा आतून पसरत जातो, ओळखू येईनासा होतो, आणि नंतर योग्य औषधालाही लवकर दाद देत नाही. कातडी पातळ पडते, ती वेगळीच. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तेव्हा मलम घेण्याआधी विचारा, ‘यात स्टेरॉइड आहे का?’ आणि नायट्यावर ते आपल्या मनाने लावू नका.

शिक्षकांना एक विनंती. शिबे नखाने हलके खरवडली, तर पिठासारखा भुसा सुटतो, आणि तिथला स्पर्श शाबूत असतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, भुसा सुटत नाही. आणि कोड कोणाला लागत नाही. चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर मात्र मुलाला लगेच आरोग्य केंद्रात न्या. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो आणि ते औषध सरकार फुकट देते. या साऱ्या नुसत्या खुणा आहेत. निदान डॉक्टरच करतील. शिब्यांवरही त्यांच्याकडे औषध आहे. बुरशी मेल्यावरसुद्धा कातडीचा रंग परत यायला काही महिने लागतात, म्हणून धीर सोडू नका.

तोवर घामाचे कपडे रोज बदला, अंग कोरडे ठेवा. आणि त्या मुलाला बाकावर आपल्या जागीच बसू द्या. जी बुरशी त्याच्या पाठीवर आहे, ती तुमच्या-माझ्या पाठीवरही आहेच.