टेबलापलीकडची खुर्ची



लांबण लावत नाही. मीना बझारच्या गल्लीत गाडी लावून आलेल्यांचं निम्मं लक्ष पार्किंगच्या वेळेकडे आहे, हे मी जाणतो.

बर दुबईत उभं राहून परदेशी शिक्षणावर बोलायचं, ही एक गंमतच आहे. आपली मुलं वाढलीच मुळी परदेशात. त्यांतल्या अनेकांना टोरांटो ओळखीचं वाटतं आणि पुणं परकं! त्यात आता विद्यापीठंच दारात आली आहेत. बिट्स पिलानी 2000 सालीच इथे आलं. 2003 मध्ये नॉलेज व्हिलेज उभं राहिलं. पुण्याच्या सिम्बायोसिसच्या दुबई संकुलाचं उद्घाटन नोव्हेंबर 2024 मध्ये झालं, त्याच वर्षी आयआयटी दिल्लीचे पदवीवर्ग अबू धाबीत भरले आणि 2025 मध्ये आयआयएम अहमदाबादही दुबईत दाखल झालं. साहजिकच शिक्षणमेळे वाढले. आपण जातो, माहितीपत्रकांनी भरलेल्या पिशव्या घेऊन परततो. तिथे प्रश्न ठरलेले : फी किती, व्हिसा मिळेल का, नोकरी लागेल का?

टेबलापलीकडे बसलेल्या माणसाबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही. तो कोण, काय शिकला, त्याला पगार कोण देतं? खरं तर आंतरराष्ट्रीय शिक्षण हा स्वतंत्र पेशा आहे. प्रवेश-अर्जांची छाननी, पदव्यांची समकक्षता, दोन विद्यापीठांमधले करार, श्रेयांकांचं हस्तांतरण, एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याची काळजी... ही सगळी जाणकारांची कामं आहेत.

या पेशाचं मराठी उदाहरण फार जुनं नाही. सिम्बायोसिसचे संस्थापक शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि वसतिगृहही सांभाळत होते. एक मुलगी खिडकीतून एका मुलाला काहीतरी देताना त्यांना दिसली. संशय आला, चौकशी केली. मुलगा मॉरिशसचा, काविळीने आजारी. ती त्याला जेवण आणून देत होती. ही हकिगत सत्कार-समारंभांत इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती गुळगुळीत झाली आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. 1971 मध्ये सिम्बायोसिस सुरू झालं ते परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं सांस्कृतिक केंद्र म्हणून. महाविद्यालयं मागाहून आली. आधी विद्यार्थ्याची विचारपूस, मग पदवी. आजच्या मेळ्यांत हा क्रम नेमका उलटा झाला आहे.

कारण उघड आहे. अनेक सल्लागारांना प्रत्येक प्रवेशामागे विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. कमिशन घेणं गुन्हा नाही, पण ते लपवणं मला मान्य नाही. लग्न जमवणारा मध्यस्थ कोणाच्या बाजूचा आहे, हे आपण आधी विचारून घेतो. इथे का विचारू नये? एक उदाहरण घ्या : परदेशात डॉक्टर होऊन भारतात व्यवसाय करायचा असेल, तर 2021 च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, माध्यम इंग्रजी हवं आणि पुढे 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. हे प्रवेशाआधी सांगणारा तो सल्लागार, बाकीचे विक्रेते. आखातात नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी एनआयटीसारख्या संस्थांत ‘दासा’ योजनेखाली वेगळ्या, कमी शुल्काच्या जागा असतात. तीही माहिती तिथे सहसा कोणी आपणहून देत नाही. देणार कशी? त्यात कमिशन नाही.

म्हणूनच मला आपली मुलं त्या खुर्चीत बसलेली हवी आहेत. मराठी, हिंदी, इंग्रजी तर त्यांना येतंच; शाळेत अरबीही थोडीफार कानावरून गेलेली असते. सीबीएसई आणि ब्रिटिश, दोन्ही शाळापद्धती त्यांनी जवळून पाहिल्या आहेत. दोन देशांतल्या कागदपत्रांचे हेलपाटे तर त्यांनी आईवडिलांबरोबर मारलेलेच असतात. या कामाला आणखी कोणती पूर्वतयारी लागते?

आलेल्या विद्यापीठ-प्रतिनिधींना विनंती : पुढच्या मेळ्यात एक सत्र याच पेशावर ठेवा आणि दहावी-बारावीच्या चार मुलांना दिवसभर तुमच्या बाजूला बसू द्या. आणि पालकहो, पुढच्या वेळी फी विचारण्याआधी, ‘तुमचा मोबदला कोण देतं?’ हे विचारा. उत्तर टाळलं, तर पुढच्या टेबलाकडे वळा.