ठोक्यांची गोळी : थोडी सावधगिरी



मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी केलेला माणूस. पण पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलेले आपण बरेच जण आता सत्तरीला टेकलो. जिन्यात भेटलो की गोळ्यांचाच विषय निघतो. म्हणून हृदयाचे ठोके नियमित ठेवणाऱ्या गोळीबद्दल बोलतो.

हृदय चालतं ते विजेच्या सूक्ष्म लहरींवर. ही गोळी त्या लहरींवरच काम करते. त्यामुळे ती बिघडलेली लय सावरते आणि कधी कधी नवा बिघाडही करते.

अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या, ठोके चुकणाऱ्या रुग्णांवर 'कास्ट' नावाचा अभ्यास झाला. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या गोळ्यांनी ठोके सुधारत होते, म्हणजे जीवही वाचत असेल असा समज होता. १९९१ साली आकडे प्रसिद्ध झाले. सरासरी दहा महिन्यांत गोळी घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण दगावले. तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. कागद सुधारला, माणूस गेला!

याचा अर्थ या गोळ्या वाईट असा नाही. फ्लेकेनाइड आजही निवडक रुग्णांना देतात. पण हृदय कसं आहे, किडनी कशी आहे, यावर हिशेब बदलतो. शेजारच्या काकांना मानवली ती आपल्याला मानवेलच असं नाही.

किनवटहून नांदेडला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणल्या जातात. तसं करू नका. अमिओडेरॉन चालू असेल तर थायरॉईड आणि लिव्हरची तपासणी वेळेवर करा. त्यासोबत डिगॉक्सिन घेतलं तर त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. घशासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन घेण्याआधीही डॉक्टरांना चालू गोळ्या सांगा. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम घटलं तर धोका आणखी वाढतो. चक्कर आली, शुद्ध हरपली, तर 'पित्त असेल' म्हणत बसू नका. लगेच दवाखाना गाठा. आणि गोळी आपल्या मनाने बंदही करू नका.

बँकेत नोंद नसलेला व्यवहार आम्ही मानत नसू. तसंच सगळ्या गोळ्यांची नावं आणि मात्रा एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. सुनामुलांनाही तो कागद माहीत असू द्या.

सुवर्णमहोत्सवाला आपण सगळे हजर राहू या.