संमती : अंगठ्याची आणि आकलनाची

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील वाड्या-तांडे ओस पडू लागतात. ऊसतोडीसाठी हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. एक दिवस काम चुकले, तर खाडा पडतो. अशा स्थितीत आजारी स्त्रीपुढे वैद्यकीय कागद आला, तर ती काय वाचणार आणि काय विचारणार?

या प्रश्नाचे गांभीर्य २०१९ मध्ये प्रकट झाले. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे सुमारे सहा स्त्रियांमागे एक. हे उपचार होते, संशोधन नव्हे. परंतु संशोधनात सहभागी व्यक्तीला स्वतःला लाभ होईलच अशी खात्री नसते. म्हणून तेथे संमतीची कसोटी अधिकच कडक असावयास हवी.

औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ मध्ये केंद्र शासनाने केलेल्या नियमांनुसार माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. व्यक्ती निरक्षर असल्यास निःपक्ष साक्षीदार संपूर्ण प्रक्रियेस हजर असावा लागतो. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क तिला असतो.

आता ही माहिती देण्यासाठी चॅटबॉटचा उपयोग करावा, असा विचार पुढे आला आहे. चॅटबॉट म्हणजे मोबाईलवर लिहून वा बोलून विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देणारी संगणकीय प्रणाली. डॉक्टरांपुढे संकोचणारी बाई तिला तोच प्रश्न दहा वेळा विचारू शकेल : रक्त कशासाठी घेता, धोका कोणता, नकार दिला तर दवाखान्यातील उपचार थांबतील का? उसाच्या फडावरूनही तिला शंका विचारता येईल.

मात्र हे यंत्र चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देऊ शकते. गर्भाशयाला 'पिशवी' म्हणणाऱ्या बाईची बोली त्याला कळली पाहिजे. शिवाय मोबाईल नवऱ्याचा आहे, शेजारी मुकादम उभा आहे, होकारामागे उचलीचे ओझे आहे, हे त्याला दिसत नाही. म्हणून समजावण्याच्या कामी यंत्राचे साहाय्य घ्यावे. संमती घेण्याची जबाबदारी मात्र संशोधकाचीच राहिली पाहिजे. यंत्राची उत्तरे नैतिकता समितीने आधी तपासावीत, आणि काय समजले ते त्या स्त्रीने स्वतःच्या शब्दांत सांगितल्यावरच अंगठा घ्यावा.

यात गावाचाही वाटा आहे. सरपंचांनी दिलेली परवानगी ही गावात येण्याची परवानगी होय. ती कोणाही स्त्रीची संमती ठरत नाही, हे पंचायत सदस्यांनी संशोधकांस स्पष्ट सांगावे. शिक्षकांनी साक्षीदार म्हणून बसताना केवळ सही करू नये. नकार देण्याची मोकळीक तिला खरोखर आहे की नाही, हे पाहावे. ती मोकळीक नसेल, तर सही करण्याचे नाकारावे.