तिसरी पिन



  

वादक, गायक आणि ध्वनिसंयोजकांच्या या संमेलनात ‘वाद्यवृंदासाठी छोटी संगणकीय ध्वनियंत्रणा’ हा विषय मला दिलेला आहे. 1983 मध्ये मिडी आलं, त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स सेव्हन आला, आणि आपल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाल्याची खुर्ची पुढे सरकली. तेव्हा कार्यक्रमाला निघायचं म्हणजे टेम्पो लागायचा. आज लॅपटॉप, अठरा चॅनलचा रॅक मिक्सर, राउटर, कॉर्डलेस माइकचे रिसीव्हर आणि कानातल्या मॉनिटरचा ट्रान्समिटर हे सगळं एका रॅकमध्ये बसतं आणि रॅक गाडीच्या डिकीत जातो. मिक्सरला वेगळे फेडर नाहीत, ते टॅबलेटवर. तोच मिक्सर यूएसबीने लॅपटॉपला जोडला की इंटरफेसचंही काम करतो. मेनस्टेज, गिग परफॉर्मर किंवा कँटाबिल यांपैकी एखादं सॉफ्टवेअर उघडलं की सतारीपासून ब्रासपर्यंत सगळे आवाज बोटाखाली. ही प्रगती मोठी आहे आणि मी तिच्या बाजूचा माणूस आहे.

काल रात्री जेवताना दोन वाद रंगले होते, त्यांचा निकाल लावून पुढे जातो. पहिला, लॅपटॉपमधला ऑडिओचा बफर 64 सॅम्पलचा ठेवायचा की 128 चा. मी नेहमी बसवतो त्या ऑक्टोपॅडवाल्याने 64 चा हट्ट धरला होता. ऐन गाण्यात आवाज तडतडायला लागला, म्हणून मी मध्यंतरात त्याला न सांगता 128 केला. उरलेला कार्यक्रम तो मजेत वाजवत होता. पुढच्या गावी मांडवाच्या खांबामुळे त्याचा मॉनिटर तीन मीटर लांब ठेवावा लागला, तेव्हा मात्र पहिल्याच ठेक्याला त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. 48 किलोहर्ट्झला 64 आणि 128 मधला फरक सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास. तेवढ्या वेळात आवाज हवेतून दीड फूट जातो. तीन मीटरला जवळपास नऊ मिलिसेकंद जातात. तेव्हा 128 ठेवा आणि मॉनिटर जवळ आणा. दुसरा वाद, मॅक की विंडोज. मी दोन्हींवर कार्यक्रम काढले आहेत. विंडोजवर वायफायचा ड्रायव्हर बंद करून ठेवला तर ते यंत्र तितकंच इमानी असतं. दोन्हींपैकी जे असेल त्यावर कार्यक्रमाच्या दिवशी अपडेट करू नका. संपला वाद.

हे भराभर उरकतो आहे, कारण मला बोलायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. कितीतरी वर्षं मी ते मनात धरून आहे, आणि आज माइक माझ्या हातात आहे. आपल्या धंद्यातले लोक प्लगची तिसरी पिन तोडतात. पकडीने पिरगळून, वायर कापून, किंवा टू-पिनचा जोड लावून. आणि त्याला ‘हमिंग काढलं’ असं म्हणतात.

आपल्याकडच्या प्लगला ही अर्थची, म्हणजे जमिनीशी जोडणारी पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब असते. सॉकेटमध्ये सगळ्यात आधी ती शिरावी आणि निघताना सगळ्यात शेवटी ती निघावी, म्हणून तशी केलेली. ज्यांनी हा प्लग आखला त्यांना वाजवणाऱ्याच्या जिवाची किंमत कळत होती. आणि आपण घुं आवाज आला म्हणून तीच पिन आधी तोडतो!

तो घुं कुठून येतो हे समजून घ्या. लॅपटॉपचा चार्जर मंचावरच्या बोर्डात, समोरचा मोठा मिक्सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या लाइनवर. दोन ठिकाणचे अर्थ, त्यांच्यात थोडा फरक, आणि ऑडिओ केबलच्या जाळीतून ते एकमेकांना जोडले जातात. मग त्या जाळीतून जो करंट फिरतो तो 50 हर्ट्झचा, आणि तोच आपल्याला ऐकू येतो. खात्री करायची तर लॅपटॉप क्षणभर बॅटरीवर घ्या. आवाज गेला तर चोर सापडला. इलाज साधा आहे. मंचावरचं सगळं सामान एकाच बोर्डावर घ्या, बॅलन्स्ड केबल वापरा आणि पुढे जाणाऱ्या लाइनवर ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स लावून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. त्या बटणाने फक्त सिग्नलच्या केबलची जाळी सुटते. विजेच्या बाजूचा अर्थ जागच्या जागी राहतो. एका सुपारीच्या मानधनातल्या किरकोळ हिश्श्यात हा डबा येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

कोणी म्हणेल, पिन पूर्वीही तोडत होतो, काही झालं नाही. पूर्वी अँप्लिफायर वेगळा, कीबोर्ड वेगळा, मिक्सर वेगळा, प्रत्येकाचा प्लग वेगळा होता. आता मिक्सर, राउटर, रिसीव्हर, चार्जर एका लोखंडी चौकटीत आहेत. प्रत्येक स्विचिंग सप्लायमधून थोडा थोडा करंट चौकटीवर गळतो, आणि डबा एकच असल्यामुळे ती गळती एकत्र साचते. सगळा डबा एका प्लगवर आहे. त्याची पिन तोडलीत की माइकची जाळी, गिटारच्या तारा, जे जे धातूचं त्या डब्याला वायरने जोडलेलं आहे ते सगळं अधांतरी लटकलं. सामान जितकं छोटं केलंत तितका त्या एका पिनेवरचा भार वाढला. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर आपण तासन् तास बोलतो. त्या पिनेबद्दल या व्यासपीठावरून एक वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

एका जत्रेत मी पाहिलं ते सांगतो. गावाचं आणि साऊंडवाल्याचं नाव सांगणार नाही. दुपारी सर येऊन गेलेली, मंचासमोरची माती ओली. साऊंडवाल्या पोराने रॅकचा प्लग उघडून अर्थची वायर कापली, हम गेला, आणि शाबासकीही मिळवली. आमची गायिका श्रोत्यांत जाऊन लावणी म्हणायची, म्हणून चप्पल काढून खाली उतरली. एका हातात वायरचा माइक, दुसरा हात लाइटच्या लोखंडी खांबाला लागला. ओठ माइकला टेकले आणि तिचा सूर मध्येच तुटला. तिने माइक टाकला म्हणून बचावली. लोकांना वाटलं, माइक खराब आहे. दुसरा माइक आणून दिला! मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तर यात्रा कमिटीचे लोक माझ्यावरच चिडले, की चालू कार्यक्रम का बंद केला. त्या बाईने त्यानंतर कितीतरी दिवस माइक ओठांपासून लांब धरला आणि तिच्या गाण्यातला जवळचा, बारीक आवाज हरवला. तो आवाज मला अजून आठवतो.

सगळे जण असे बचावत नाहीत. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे मंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. माइकला नीट अर्थ नव्हता. वय 27. चार वर्षांनी यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ अर्थ नसलेली गिटार वाजवताना घरातच गेला. हे मोठ्या बँडचे लोक होते, म्हणून त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत.

आपले काही मित्र म्हणतात, आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, आहे ना, तो पडेल. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. पण अर्थ जागेवर असेल तर गळती झाल्याबरोबर, कुणाचा हात लागण्याआधी तो पडतो. पिन तोडलेली असेल तर आधी माणसाच्या अंगातून करंट जातो, मग आरसीसीबी पडतो. माझ्या वादकाचं अंग हे तुमचं टेस्टर नाही!

दुसऱ्या बाजूचा दोषही सांगायला हवा. आपण पिन जपली आणि मंडळाच्या जनरेटरला जमिनीत साधी सळई ठोकलेली नसेल, तर ती पिन कुठे जाणार? मीटरवर फेज आणि अर्थमध्ये 230 व्होल्ट दिसले म्हणजे अर्थ भक्कम आहे असं नाही. केसाएवढ्या तारेनेही तो आकडा दिसतो. बोर्डाला प्लगच नाही, सॉकेटमध्ये उघड्या वायरी आणि काडेपेटीच्या काड्या, हे मी शहरातल्या नामांकित मैदानांवरही पाहिलं आहे. थ्री-फेजचा न्यूट्रल कुठे ढिला असेल तर एखाद्या फेजवर चारशेच्या घरात व्होल्टेज चढतं आणि रॅक एका झटक्यात जळतो. आयोजक म्हणतात, वेळ नव्हता. खरं आहे, दहा वाजता लाऊडस्पीकर बंद करायचा कायदा आहे, मंच पाचला ताब्यात मिळतो, पाहुण्यांचे सत्कार साडेआठपर्यंत चालतात. त्या सत्कारांतून दहा मिनिटं वायरमनला द्या, एवढंच माझं मागणं आहे.

आता कामं. सुपारीच्या करारपत्रात अर्थिंगचं एक कलम घालावं, त्याचा मसुदा कोणीतरी करावा. विजेची जाण असलेले दोघे-तिघे पुढे आले तर बरं. मंडळांसाठी एक पानाचं पत्रक काढायचं आहे, छपाईचं बघू. आणि वायरी ओढणाऱ्या पोरांना, ज्यांना आपण नावानेही ओळखत नाही, एक दिवस बसवून शिकवायचं आहे. कुठे आणि कधी, ते कार्यकारिणीने ठरवावं.

दुपारच्या सत्रात मी माझा रॅक मागच्या दालनात उघडून ठेवणार आहे. नवे थ्री-पिन प्लग आणि पेचकस बरोबर आणले आहेत. ज्यांच्या प्लगची पिन तुटलेली आहे त्यांनी तो घेऊन यावा. चहाच्या आधी बदलून देतो.