नवे सॉफ्टवेअर, जुने यंत्र आणि कामगाराचा तास



या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, संगीत यांवर विद्वानांनी बोलावे अशी प्रथा आहे. आम्ही मात्र आज कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला एक रुक्ष विषय घेऊन आलो आहोत. विषय रुक्ष खरा. पण त्यात माणसांच्या पगाराचा प्रश्न गुंतला आहे, म्हणून तो गावापुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटले.

संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण एका दुभाष्यामार्फत काम करते. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. संगणकाचे म्हणणे यंत्राला समजेल असे करून सांगणे, एवढेच त्याचे काम. संगणकाची मूळ व्यवस्था किंवा आराखड्याचे सॉफ्टवेअर बदलले की बोलण्याची रीत बदलते. दुभाषा मात्र जुनाच राहतो. मग वीज आहे, माल आहे, माणूस हजर आहे, यंत्र धडधाकट आहे, आणि काम बंद आहे. घरी नवा संगणक आणल्यावर जुना प्रिंटर मुका झाल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. कारखान्यात त्याच मुकेपणाने पाळी बसून राहते.

विंडोज एक्सपीची देखभाल तिच्या कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. दर वेळी कारखान्यांना पुढच्या पायरीवर चढावे लागले. ३२ बिटांच्या व्यवस्थेसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटांच्या व्यवस्थेत चालत नाही. सीएनसी यंत्राला प्रोग्राम पाठवण्याची आरएस-२३२ ची केबल लावायला नव्या संगणकात बहुधा जागाच नसते. जोडणी विकत आणावी, तर तिलाही पुन्हा ड्रायव्हर लागतो. सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली, जिला डोंगल म्हणतात, तीही ड्रायव्हरवाचून ओळखली जात नाही.

हा उशीर का होतो? सॉफ्टवेअर एका कंपनीचे, कार्ड दुसरीचे, यंत्र तिसरीचे. आराखड्याच्या सॉफ्टवेअरच्या कंपन्या तपासून पसंत केलेल्या कार्डांची व ड्रायव्हरांची यादी देतात. ती तपासणी प्रत्येक आवृत्तीसाठी नव्याने करावी लागते. उपकरण करणारी कंपनी आधी नव्या, खपत्या मालाकडे पाहते. दहा वर्षांपूर्वी विकलेल्या यंत्राच्या ड्रायव्हरवर तिला पैसा मिळत नाही. कंपनी बंदच पडली असेल, तर वाट पाहण्यातही अर्थ उरत नाही.

मग मालकाने जुनेच सॉफ्टवेअर चालवावे, असे कोणी म्हणेल. ते मालकाच्या हाती नसते. कुपवाडचा लहान कारखानदार मोठ्या कंपनीचे जॉबवर्क करतो. तिकडे नवी आवृत्ती आली की आराखडे त्याच आवृत्तीत येतात, आणि नव्या आवृत्तीची फाईल जुनीत बहुधा उघडत नाही. निर्णय होतो दूरच्या कचेरीत आणि त्याची झळ लागते इथल्या शेडला. मालकाला दोष देऊन आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. तोही या साखळीतली एक कडीच आहे.

आपल्याच जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर केले. फाळ बोथट झाला तर लोहार तो पाजवून देऊ शके. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नसे. ड्रायव्हरचे तसे नाही. तो मोहोरबंद येतो. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा प्रिंटर आला. कागद अडकला की तशी सूचना मिळावी, ही सोय तिथल्या मंडळींनी आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः केली होती. नव्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूरच कंपनीने दिला नाही. त्या मंडळींतल्या रिचर्ड स्टॉलमन यांना ही गोष्ट खटकली. पुढे १९८३ साली त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली. दुरुस्तीचा हक्क वापरणाऱ्याकडे असावा, हेच तिचे म्हणणे.

आता मुख्य मुद्दा. यंत्र मुके राहिले तो तास कोणाच्या नावे मांडायचा? कंत्राटी माणसाला घरी पाठवले जाते. उत्पादनावर बक्षिशी असेल तर ती बुडते. वर ‘तुला नवे सॉफ्टवेअर जमत नाही’ असा शेराही मिळतो, आणि तो पगार बुडण्याहून जास्त झोंबतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या कारणांत ‘यंत्राचा बिघाड’ हे शब्द होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहेत. भरपाई मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी. तीही पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात आणि वर्षभर सलग नोकरी झालेल्याला. दहा-पंधरा माणसांच्या शेडला, कंत्राटावर रोज बदलणाऱ्या हातांना, हे कलम शिवत नाही. तेव्हा करार आपणच केला पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. नवी आवृत्ती आधी एकाच संगणकावर चालवून पाहावी, आणि सर्व यंत्रे तिच्याशी बोलू लागल्याखेरीज जुनी व्यवस्था मोडू नये. जुना संगणक जाळ्यापासून तोडून यंत्रापाशी राखून ठेवावा. यंत्र घेतानाच किती वर्षे ड्रायव्हर मिळेल, ते पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. मोठ्या कंपन्यांनी आराखडे कोणत्याही एका आवृत्तीला न बांधलेल्या ‘स्टेप’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणातही द्यावेत. आवृत्ती बदलण्यापूर्वी यंत्रावरच्या माणसाला विचारावे. कोणते यंत्र कशावर अडते हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? आणि ड्रायव्हरवाचून गेलेला तास हा हजेरीचा तास धरावा, मग माणूस कायम असो की कंत्राटी.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. कामगाराच्या वेळेला किंमत आहे, ही गोष्ट तेव्हा पटवून द्यावी लागली. यंत्राने आज कितीही नवी भाषा बोलो, ती गोष्ट पुन्हा पटवून देण्याची वेळ आली आहे. नव्या सॉफ्टवेअरला आमचा विरोध नाही. त्याची किंमत सर्वांत कमी पगाराच्या माणसाने एकट्याने भरू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.